कानांनी बघायचं: ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा वाचताना

दिघीच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर आगरदांडा आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा. मला मधे नुसतं पाणी दिसतं. तांडेलाला त्याच पाण्यात खडक दिसतो, उथळ जागा दिसते, फिरलेली भरती दिसते. त्याचे डोळे काही वेगळे नाहीत. तो बघायला शिकलाय. माझ्या संशोधनातला प्रश्नही हाच आहे: डोळ्यांपलीकडचं बघायला श्रद्धावान माणूस शिकतो कसा?

ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न जुना आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेनने मांडलं की आत्म्यालाही पाच इंद्रियं असतात. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने सरावच आखून दिला: शुभवर्तमानातला प्रसंग मनात उभा करा, तिथली माणसं बघा, त्यांचं बोलणं ऐका, वास घ्या, चव घ्या, स्पर्श करा. याच इग्नेशियसच्या जेझुइट संघातला एक इंग्रज १५७९ मध्ये गोव्याला आला. तो म्हणजे आपला फादर स्टीफन्स. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत.

त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या तुम्ही ऐकल्या असतील. मराठी भाषा दिनाला त्या हमखास निघतात. पण अभिमान जरा बाजूला ठेवून बघा, तिथे उपमा कसल्या आहेत? खड्यांतलं रत्न, फुलांत मोगरा, परिमळांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर. म्हणजे डोळे आणि नाक. मला त्यात इग्नेशियसचा सराव दिसतो. या ओव्या सुट्या तोडून आपण त्यांचं घोषवाक्य केलं. मुळात त्या ऐकणाऱ्याच्या इंद्रियांना जागं करतात, कारण पुढे त्याच इंद्रियांनी बेथलेहेम अनुभवायचं आहे.

हे मराठीला नवं नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बोलाच्या गोडीने कानांनाच जिभा फुटतात आणि इंद्रियांत भांडण लागतं. म्हणजे युरोपातला सराव इथे आला तेव्हा ओवीत त्याला जागा तयार होती. इंद्रियं मारून नव्हे, ती एकमेकांत मिसळून पलीकडे जायचं, हे दोन्हीकडे सारखं.

आता आजचं संशोधन. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी ‘व्हेन गॉड टॉक्स बॅक’ (२०१२) या पुस्तकात दाखवलं की अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींना देवाचा आवाज सरावाने ओळखू येऊ लागतो. मला हे पटतं, पण अपुरं वाटतं. त्यांचा भर एकेका माणसाच्या मनावर आहे. ‘ख्रिस्तपुराण’ मात्र चर्चमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जायचं. ऐकणाऱ्याला लिपी येत नसली तरी चालायचं. इथे कल्पना करण्याची शक्ती एकट्याची नाही, ओवीच्या चालीची आणि शेजारी बसलेल्यांचीही आहे.

आणि एक गोष्ट लुहरमन यांच्या चौकटीत बसतच नाही: सत्ता. साष्टीतली देवळं पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवं होतं, आणि ही मागणी पुराणातच एका ब्राह्मणाच्या तोंडी येते. नवं बघायला शिकवणं म्हणजे जुनं दिसेनासं करणंही होतं. हे पुस्तक सुंदर आहे म्हणून हा भाग गाळून वाचायचा, असं मला तरी जमत नाही.

पण शेवट सत्तेच्या मनासारखा झाला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेवरच फर्मान काढलं. १६१६ च्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. पुराण टिकलं ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे.

तेव्हा एक करा. ‘ख्रिस्तपुराण’ मिळालं तर मनात वाचू नका. कुणाला तरी शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचा. श्रद्धा असो-नसो, कान काय काय बघू शकतात ते कळेल.