‘रस्ते ओस पडायचे’ हे कोणी मोजलं?

माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात एक वाक्य होतं: रविवारी सकाळी ‘रामायण’ लागलं की देशभरातले रस्ते ओस पडत. गाइड मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले, ‘कोणी मोजलं?’ खरं सांगते, मी चिडले. इतकी जगजाहीर गोष्ट, तिचाही पुरावा द्यायचा? मग पुस्तकं पुन्हा उघडली. आठवड्याभरात ते वाक्य मीच खोडलं. तुम्ही माध्यमांवर संशोधन करायच्या तयारीत असाल, तर ते का खोडलं हे ऐकून ठेवा.

टीव्हीच्या धंद्याच्या पडद्यामागच्या गोष्टी वाचायला फार मजा येते. अडचण तिथूनच सुरू होते. भास्कर घोष यांचं ‘दूरदर्शन डेज’ घ्या. १९८६ ते १९८८ ते दूरदर्शनचे महासंचालक होते, म्हणजे ‘रामायण’ चालू असताना खुर्चीत तेच. मंत्री, फाइली, दिल्लीतले ताणतणाव हे सगळं त्यांच्याइतकं जवळून कोण सांगणार? मी ते एका बैठकीत संपवलं. पण पुस्तक आलं २००५ साली. मधल्या सतरा वर्षांत खासगी वाहिन्या आल्या आणि दूरदर्शनचं राज्य गेलं. आठवणी लिहिणारा माणूस तो शेवट माहीत असतानाच सुरुवात सांगतो. शिवाय त्याला दिसतं ते मंडी हाउसच्या खिडकीतून. दिल्लीत निर्णय कसा झाला यासाठी हे पुस्तक पक्का पुरावा आहे. शेंदूरजनाघाटात लोक काय करत होते यासाठी ते पुरावाच नाही. मी नेमकी हीच गल्लत केली होती.

दुसरी ठरलेली गोष्ट स्टारची. ३ जुलै २००० च्या रात्री ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ एकाच दिवशी सुरू झाले आणि वाहिनीचं नशीब पालटलं. हे खरंच आहे, पण ‘सगळा देश बघत होता’ हे कशावरून? टीआरपीवरून. तेव्हाचे मीटर मुख्यतः मोठ्या शहरांत बसलेले. खेड्यांतली घरं नियमित मोजणीत आली ती बार्कच्या आकडेवारीत, ऑक्टोबर २०१५ पासून. म्हणजे धंद्याच्या इतिहासात ‘देश’ शब्द आला की तो जाहिरातदाराला विकला जाणारा देश समजायचा.

आता ‘रामायण’कडे परत. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, रविवारी सकाळी साडेनऊ. दिवाळीत मी मामाकडे शेंदूरजनाघाटला गेले होते. वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, संत्र्यांवर चालणारं गाव. सहज मामाला विचारलं.

“रस्ते ओस? अवं बाई, तवा मृगाचा तोडा सुरू होता आमचा. मजूर साडेधा वाजेलोक येत नोयते, थे खरं. पन टरक तं उभाच राहे. अन् टीव्ही आख्ख्या गल्लीत एक. त्यातबी मुंग्याच जास्त. लाइन गेली का राम वनवासातच!”

मामी आतून म्हणाली, “मले कुठी पाहाले भेटलं? मी तं पोया करत होती. आवाज आयकत होती.”

हे ऐकून मला वाटलं, सापडलं! आता पुस्तकं खोटी, मामा खरा. थांबा, तेही नाही. मामाही पस्तीस-चाळीस वर्षांनंतर सांगतोय, आणि त्याला गोष्ट रंगवून सांगायची हौस आहे. ‘आख्ख्या गल्लीत एक’ हे तपासायचं कसं? टीव्हीला पूर्वी परवाना लागायचा, त्याची नोंद पोस्टात असायची. ती पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यातच संपली, म्हणजे नेमक्या आपल्या वर्षांचा कागद नाही. तोड्याचं मात्र जुळतं: मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चला निघतात, मालिका नुकतीच सुरू झालेली.

मामीच्या उत्तरानं मी जास्त अडकले. पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतल्या बायकांसोबत बसून टीव्ही पाहिला आणि त्यावर ‘स्क्रीनिंग कल्चर, व्ह्यूइंग पॉलिटिक्स’ लिहिलं (१९९९). घरातलं काम चालू असताना बघणं म्हणजे काय, हे त्यातून कळतं. ते पुस्तक मी आधी वाचलं होतं, टिपणंही काढली होती. तरी मामीला प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही. ती आपणहून बोलली. ओस रस्ता दिसायला माणूस रस्त्यावर तरी हवा, नाहीतर टीव्हीसमोर. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या आठवणीत रस्ता येणारच नाही.

खर्ड्यात आता असं आहे: ‘ज्यांच्या घरी किंवा शेजारी संच होता, त्यांच्या आठवणीत रस्ते ओस पडत.’ वाक्याचा डौल गेला, हे मला मान्य. मॅडमनी या वेळी ‘शेजारी’ या शब्दाभोवती गोल केला आहे. कोणाच्या शेजारी, कोणाला आत घ्यायचे, कोणाला दारातूनच बघावं लागायचं. फेब्रुवारीत तोड्याच्या वेळी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी आधी मजुरांच्या घरी.