पुटांत कोरलेलं मेज

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक लाल मेज आहे. लांबी जेमतेम १२० सेंटिमीटर, पुढे तीन खण. मिंग सम्राट श्वेन्दच्या कारकिर्दीत (१४२६-३५) बीजिंगच्या शाही कारखान्यात ते घडलं. त्या कारखान्यातलं एवढं मोठं फर्निचर म्हणून टिकलेलं हे एकमेव मानलं जातं. अंगभर ड्रॅगन, फिनिक्स आणि फुलांच्या वेली. पाहणाऱ्याला वाटतं, लाकूड कोरून वर रंग दिलाय. पण लाकडाचा सांगाडा नक्षीखाली सपाट आहे. कोरलाय तो रंगच.

हा रंग म्हणजे एका झाडाचा चीक. झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं आणि गुणही तोच. अंगाला लागला की उततो. उन्हाळ्यात सालीला खाचा पाडून तो थेंबाथेंबानं गोळा करायचा, गाळायचा, हिंगूळ घालून लाल करायचा. खरी नवलाई त्याच्या वाळण्यात. ओलं फडकं कोरड्या हवेत वाळतं. हा चीक मात्र दमट हवेतच घट्ट होतो. त्यातलं एक विकर हवेतला ऑक्सिजन वापरून त्याला बांधत जातं, आणि त्यासाठी सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता लागते. म्हणून पुट दिलेली वस्तू ओलसर, बंद जागेत ठेवतात. पुट पातळच हवं. जाड दिलं तर वरून साय धरते, आत कच्चं राहतं. एकेक पुट वाळायला दिवस तरी जातो, मग पुढचं. कोरण्याजोगी जाडी यायला शंभराच्या घरात पुटं लागतात, आणि एवढं करून ती भरते मोजके मिलिमीटर!

एवढ्याशा जाडीत कारागीर पाकळीवर पाकळी चढवतो, पानं मुरडतो, वेल पानाखालून काढून पलीकडे नेतो. सुरी किंचित खोल गेली तरी महिन्यांची मेहनत वाया.

ड्रॅगनच्या पंजांकडे मुद्दाम पाहावं. पाच नख्या हा सम्राटाचा मान. इथे प्रत्येक पंजातली एक नखी नंतर कुणीतरी काढून टाकली आहे. मेज राजवाड्याबाहेर पडताना ती खूण पुसली असावी. मन हळहळतं, कारण शंभर पुटांतून घडलेली नखी वरवर रंग लावून परत आणता येत नाही.

पण या मेजाचा खरा जीव त्याच्या कडांत आहे. पाकळीची कड कुठेच बोचत नाही. सुरी फिरल्यावर ती घोटून घोटून गोल केलेली आहे, त्यामुळे उजेड तिच्यावर अडत नाही, ओघळत खाली उतरतो. अठराव्या शतकात, छ्येनलुंग सम्राटाच्या काळात, हेच कोरीवकाम फार बारीक आणि गच्च झालं. सुरीचं कसब तिथे थक्क करतं. घोटाई मात्र मागे पडली; कडा धारदार राहिल्या आणि नजर नक्षीवर ठेचकाळू लागली. मला विचाराल तर श्वेन्दच्या कारागिरांचा हा भरीव गोलावा पुढच्या त्या सगळ्या बारकाईपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.