तुकड्यातुकड्यांनी वाचलेली कादंबरी

सलग वेळ मिळाला की कादंबऱ्या वाचू, असं म्हणून ज्यांनी पुस्तकं कपाटात ठेवून दिली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुमच्यातले बरेच जण पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय. काहींची नोंदणी झालीय आणि घरी कुणी आजारी आहे, किंवा लहान मूल आहे, किंवा दोन्ही आहे. अशा वेळी संदर्भलेख कसेबसे वाचले जातात, कारण त्यांना तारीख असते. सहामाही अहवालात त्यांचा उल्लेख करता येतो. कादंबरीला तारीख नसते, म्हणून ती सगळ्यात आधी सुटते.

माझ्या घरी गेलं वर्षभर हेच चालू आहे. बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि अडीच वर्षांची मुलगी. चार महिन्यांपूर्वी मी कादंबऱ्या पुन्हा वाचायला घेतल्या. दवाखान्याच्या बाकावर, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, मुलगी झोपल्यावर तिचा हात अंगावरून न काढता. डायलिसिसचे चार तास म्हणजे वाचायला चार तास, असं कुणाला वाटेल. तसं नसतं. मध्ये फार्मसीची चिठ्ठी येते, सिस्टर हाक मारतात, घरून फोन येतो. सलग वीस मिनिटं मिळाली तरी खूप. अशा वीस-वीस मिनिटांत चार कादंबऱ्या झाल्या. त्यातल्या तीन मी एम.ए.ला 'केलेल्या' होत्या. हा शब्द आपण सगळेच वापरतो. कादंबरी 'केली' म्हणजे तिच्यावरचं दहा मार्कांचं उत्तर तयार झालं.

या वाचनातून जे हाती लागलं ते आधी थोडक्यात सांगते. तुकड्यांनी वाचताना कादंबरीतल्या काही गोष्टी दिसतात, ज्या सलग वाचताना दिसत नाहीत. काही गोष्टी साफ हरवतात. कुठल्या कादंबरीत काय दिसतं आणि काय हरवतं, हे तिच्या पानांच्या संख्येवर ठरत नाही. ते तिच्या बांधणीवर ठरतं, आणि बांधणीबद्दल बोलणं हे समीक्षेचंच काम आहे.

व्यत्यय हा कादंबरीचा जुना सोबती

व्हर्जिनिया वुल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) आपण 'स्वतःची खोली आणि स्वतःचे पैसे' एवढ्यावर सोडून देतो. त्यात आणखी एक मुद्दा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मध्यमवर्गीय स्त्रिया घरातल्या सगळ्यांच्या बैठकीच्या खोलीत बसून लिहीत होत्या. येणारंजाणारं कुणीही त्यांना उठवायचं. कविता किंवा नाटक लिहिण्यापेक्षा तिथे गद्य लिहिणं सोपं होतं, कारण त्याला तुलनेनं कमी एकाग्रता लागते, असं वुल्फ म्हणते. व्यत्यय पुढेही येतच राहणार, हे धरून स्त्रियांची पुस्तकं आखूड आणि घट्ट बांधणीची असावीत, अशीही कल्पना ती मांडते.

वुल्फ लिहिणाऱ्या बाईबद्दल बोलते आहे. मला तिचं म्हणणं वाचणाऱ्या बाईला लावून बघायचं होतं. व्यत्ययातून वाचायचं तर आखूड आणि घट्ट कादंबरी बरी, हे खरं आहे का? माझ्यापुरतं उत्तर निघालं ते बरोबर उलटं.

सगळ्यात लांब कादंबरी सगळ्यात सोपी

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही चारांतली सगळ्यात मोठी. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं, त्यात ती क्रमशः आली आणि १८९३ साली पुस्तक झालं. यमू स्वतःची कहाणी सांगते: माहेर, लग्न, मुंबईतले नवऱ्याबरोबरचे बरे दिवस, त्याचा मृत्यू, आणि मग शंकरमामंजींच्या घरातला छळ. हरिभाऊंवर पाल्हाळाचा आरोप नेहमी होतो, आणि आपणही तो उत्तरात लिहितो.

सलग वाचताना मलाही तो आरोप पटला होता. यमू मध्येच थांबते, वाचकाशी बोलते, मागचं आठवून देते, मग कुठे पुढे जाते. या वेळी हातातून चार दिवस पुस्तक सुटलं आणि पुन्हा उघडलं, तेव्हा हे थांबणं म्हणजे हात धरून परत आत नेणं वाटलं. ही कादंबरी ज्या वाचकासाठी लिहिली जात होती, तो आठवडाभराच्या खंडानंतरच तिच्याकडे येणार होता. पाल्हाळ सगळाच या कारणानं आला, असं मी म्हणणार नाही. हरिभाऊंना रेंगाळायला आवडतं, आणि काही संवाद खरोखर लांबले आहेत. पण या आरोपाचा निदान एक भाग लेखकापेक्षा वाचनाच्या वेगाचा आहे. साप्ताहिकासाठी लिहिलेली गोष्ट दोन दिवसांत संपवायची आणि ती लांब आहे म्हणून तक्रार करायची, हे न्यायाचं नाही.

इथे एक सिद्धांत उपयोगी पडतो. व्होल्फगांग ईझर हा जर्मन अभ्यासक वाचनप्रक्रियेबद्दल लिहिताना 'रिकाम्या जागा' ही कल्पना वापरतो. संहिता सगळं सांगत नाही. दोन प्रसंगांमध्ये, दोन दृष्टिकोनांमध्ये फटी असतात आणि त्या वाचक भरतो. क्रमशः छापलेल्या कादंबरीबद्दल ईझर म्हणतो की त्या काळच्या वाचकांना पुष्कळदा हप्त्याहप्त्यानं वाचलेली कादंबरी त्याच कादंबरीच्या पुस्तकापेक्षा जास्त आवडायची. हप्ता मोक्याच्या ठिकाणी तुटतो आणि पुढचा येईपर्यंत वाचक मनात गोष्ट चालवत राहतो.

माझ्या बाबतीत हप्ता संपादकानं तोडलेला नव्हता. तो सलाइन संपल्यामुळे तुटला. त्यामुळे ईझरचं म्हणणं इथे जसंच्या तसं लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. कुणाचंही विधान वापरताना ते कशाबद्दल होतं हे बघायची सवय आत्तापासून लावून घ्या. तरी एक गोष्ट घडली. यमूची मैत्रीण दुर्गी मला आधी नीट आठवतही नव्हती. या वेळी दोन बैठकांच्या मध्ये, भांडी घासताना, मी दुर्गीचाच विचार करत होते. यमूला निदान काही दिवस समजूतदार नवरा मिळाला. दुर्गीला तेवढंही नाही. यमू सांगते म्हणून आपण यमूचं दुःख मोजतो; दुर्गीला स्वतःची गोष्ट सांगायला कादंबरी मिळाली नाही. हे माझ्या एम.ए.च्या उत्तरात नव्हतं.

आखूड, तरी न तुटणारी

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) मी दुसरी घेतली, लहान आहे म्हणून. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर नाझी जर्मनीतून जीव वाचवून पळालेले ज्यू, आणि त्यांच्यातल्या हॅर्टाच्या प्रेमात पडलेला चक्रधर. पानं कमी, पात्रं मोजकी. वुल्फच्या मापानं अगदी योग्य पुस्तक.

ही कादंबरी मला तुकड्यांत वाचता आली नाही. तिच्यातला वेळ मोजलेला आहे. बोट मुंबईला लागली की चक्रधर उतरणार आणि हॅर्टाला पुढे जावं लागणार, हे आपल्याला ठाऊक असतं. प्रत्येक संभाषणावर त्या उरलेल्या दिवसांचं वजन असतं. मी पुस्तक मिटून तीन दिवसांनी उघडलं की ते वजन गेलेलं असायचं आणि समोर दोन माणसांचं नुसतं बोलणं उरायचं. हॅर्टाची पत्रं येतात तिथवर मी पोचले तेव्हा ती कोरडी वाटली. एम.ए.ला एका रात्रीत वाचली होती, तेव्हा झोप उडाली होती. शेवटी एका रविवारी बहिणीला घरी बोलावून मी ती पहिल्यापासून एका बैठकीत वाचली, आणि पत्रं पुन्हा तशीच लागली.

याचा अर्थ 'रणांगण' कमी प्रतीची ठरते का? अजिबात नाही. तिची ताकद आवळलेल्या वेळात आहे, हे मला या फसलेल्या वाचनातून जितकं स्पष्ट कळलं तितकं 'पहिली आधुनिक मराठी कादंबरी' वगैरे पाठ केलेल्या वाक्यांतून कळलं नव्हतं. काय मोडलं हे बघितलं की काय जोडलेलं होतं ते दिसतं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तीही लहानच, पण वाडीत नव्यानं आलेला मास्तर एकेका माणसाला भेटत जातो तशी ती पुढे सरकते. एक माणूस, एक बैठक. वाचन पुन्हा सुरू करायचं असेल तर मी हीच सुचवीन. वाडीतली माणसं हळूहळू ओळखीची झालेली असतात, म्हणून शेवटचा दुष्काळ आणि रिकामी होत जाणारी वाडी जास्त लागते.

आपल्याच घरासारखी कादंबरी

चौथी, उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०), सगळ्यात जड गेली. विदर्भातलं शिंपी कुटुंब, कर्तृत्व नसलेला नवरा महादेव, पुढे त्याला होणारा महारोग, आणि या सगळ्याखाली संसार उचलून धरणारी कौतिक. संवाद वऱ्हाडीत आहेत. दर वेळी पुस्तक उघडलं की कान पुन्हा त्या बोलीला लावावे लागत, आणि वीस मिनिटांतली पाच त्यातच जात.

खरी अडचण मात्र बोलीची नव्हती. आजारी माणसाजवळ बसून आजारी माणसाच्या घराबद्दल वाचायचं कशाला, हा प्रश्न रोज यायचा. कादंबरी म्हणजे विरंगुळा, असं मानलं तर 'धग' या काळात वाचूच नये. मी वाचली, आणि आता तिच्यावरच्या एका ठरावीक आक्षेपाशी मला भांडायचं आहे. तो आक्षेप असा की तिच्यात संकटांची रांग लागते, एक संपलं की दुसरं. सलग वाचली तर तसं वाटतं खरं. तीन आठवडे पसरून वाचली तेव्हा संकटांपेक्षा मधली कामं जास्त दिसली. कौतिकला बसून विचार करायची उसंत कादंबरी फारशी देत नाही. ती विचार करते तोही कामाच्या ओघात. संकट ही तिच्या आयुष्यातली बातमी आहे आणि काम हे तिचं आयुष्य. 'ग्रामीण', 'प्रादेशिक' ही लेबलं या गोष्टीपर्यंत पोचत नाहीत, कारण ती गावाबद्दल सांगतात आणि ही कादंबरी घर चालवण्याच्या श्रमाबद्दलही तितकीच आहे.

माझं हे वाचन माझ्या परिस्थितीनं रंगलेलं आहे का? हो. म्हणूनच पुढचा मुद्दा महत्त्वाचा.

वाचण्याची कृती वेगळी, वाचलेल्याचा अर्थ वेगळा

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेचं 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक १९८४ सालचं. तिनं एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. या बायका दिवसभर घरच्यांची देखभाल करायच्या, आणि पुस्तक उघडणं म्हणजे 'ही वेळ माझी' असं सांगणं होतं. पुस्तकात काय आहे याच्याआधी, ते हातात घेण्यालाच अर्थ होता. पण त्याच कथा स्त्रीला पुन्हा जुन्या चौकटीत बसवतात, हेही रॅडवे सांगते. कृती एक म्हणते, संहिता दुसरंच म्हणू शकते.

हा फरक पक्का करून ठेवा. 'मी दवाखान्यात धग वाचली आणि मला बळ मिळालं' हे वाचण्याच्या कृतीबद्दलचं विधान आहे. ते खरं असेल, पण त्यावरून 'धग'बद्दल काहीच सिद्ध होत नाही. 'धगमध्ये कौतिकचा विचार कामाच्या ओघात येतो' हे संहितेबद्दलचं विधान आहे, आणि ते प्रबंधात लिहायचं तर पानं दाखवावी लागतील, विरुद्ध जाणारी पानंही शोधावी लागतील. तुकड्यांचं वाचन तुम्हाला प्रश्न देतं. उत्तरासाठी पेन्सिल घेऊन सलग बसावंच लागतं. त्या बसण्याला पर्याय आहे, असं मी सांगत नाहीये.

करून बघायचं असेल तर

एक छोटी वही ठेवा. पुस्तक पुन्हा उघडण्याआधी, मागचं पान न चाळता, काय आठवतंय ते दोन ओळींत लिहा. सारांश नको. कोण आठवलं, कुठलं वाक्य राहिलं, काय पुसलं गेलं, एवढंच. मग वाचा. कादंबरी संपल्यावर या नोंदी एकत्र वाचल्या की तुमच्या मनानं कुठल्या फटी भरल्या आणि कुठे कादंबरी तुटली ते दिसतं. माझ्या वहीत 'रणांगण'समोर तीनदा 'कोण बोलत होतं?' असं लिहिलंय, आणि 'पण लक्षात'समोर चारदा 'दुर्गी'.

दुसरं, गाईडना किंवा घरच्यांना 'हे विषयाशी संबंधित आहे' असं सांगत बसू नका. संबंध असेल तर पुढे दिसेल. आपण साहित्यात संशोधन करायला आलो ते बहुधा कादंबऱ्या आवडत होत्या म्हणूनच. घरातली कामं कमी होण्याची वाट बघत ती आवड पाच वर्षं बाजूला ठेवली, तर प्रबंध पूर्ण होईल, पण तो लिहिणाऱ्याला स्वतःचे प्रश्न उरलेले नसतील.

घरचा हा काळ कधी संपेल ते तुमच्या हातात नसतं. आज रात्री वीस मिनिटं मिळाली तर 'बनगरवाडी' उघडा. मोठी कादंबरी हवी असेल तर हरिभाऊ घ्या, आणि त्यांच्या लांबीला घाबरू नका. 'रणांगण'साठी मात्र एखादा रविवार मागून घ्या.