चौकटी आल्या, राजकारण राहून गेलं

चित्रकादंबरीवर चित्रपट करायला घेतला की दिग्दर्शकाला पहिल्या दिवसापासून एक मोह पडतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, उजेड कुठून येणार, माणूस कुठे उभा राहणार, हे सगळं चित्रकाराने आधीच ठरवून दिलेलं असतं. पुस्तक सेटवर उघडं ठेवायचं आणि पानामागून पान चित्रित करत जायचं, एवढंच काम उरल्यासारखं वाटतं. चाहत्यांचीही तीच मागणी असते. पडद्यावर ओळखीची चौकट दिसली की त्यांना इमान राखल्याची पावती मिळते. साहसकथेचं यात फारसं बिघडत नाही. पुस्तक राजकीय असेल, तर मात्र चौकट शाबूत राहून आतला विचार गळून पडण्याचा धोका असतो. गेल्या काही दशकांतली अशी रूपांतरं पाहताना हे मला पुन्हा पुन्हा जाणवलं आहे, आणि त्यात सगळ्यात ठळक उदाहरण ‘वॉचमेन’चं.

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ही बारा अंकांची मालिका 1986-87 साली आली. रेगन-थॅचर यांचा काळ, अणुयुद्धाचं सावट, आणि त्यात मुखवटे घालून न्याय करू पाहणाऱ्या माणसांची उलटतपासणी. अशा माणसांच्या हाती कुणी अधिकार दिला आणि त्यांच्यावर पहारा कोण ठेवणार, हा मूरचा प्रश्न होता. झॅक स्नायडरने 2009 मध्ये यावर चित्रपट केला तेव्हा पुस्तकातल्या कित्येक चौकटी रेषेबरहुकूम उभ्या केल्या. रक्ताचा थेंब पडलेला हसरा बिल्ला, रोरशॅक नावाच्या नायकाचा ओघळणारा मुखवटा, मंगळावरचा काचेचा महाल, सगळं जिथल्या तिथे.

एका बोळातल्या मारामारीचा प्रसंग मात्र शेजारी शेजारी ठेवून पाहावा. पुस्तकात डॅन आणि लॉरी या दोन निवृत्त नायकांवर गुंडांची टोळी चाल करून येते. त्या चौकटी अतिमानवी शक्ती असलेल्या डॉक्टर मॅनहॅटनच्या दूरदर्शन मुलाखतीच्या चौकटींमध्ये विणलेल्या आहेत, त्यामुळे हाणामारीचा उन्माद वाचकाच्या अंगात चढत नाही. मारामारी संपल्यावर उरते ती दोघांची धाप आणि अवघडलेपण. चित्रपटात हाडं मोडून कातडीबाहेर येतात आणि प्रत्येक घाव डोळ्यांत भरेल अशा बेताने दाखवला जातो. पुस्तक ज्या गोष्टीचा संशय घ्यायला शिकवतं, तिचाच चित्रपट उत्सव करतो. प्रसंग तोच, माणसं तीच, आणि अर्थ उलटा.

याहून मोठं नुकसान वृत्तपत्राच्या ठेल्याचं झालं. पुस्तकभर न्यूयॉर्कच्या एका कोपऱ्यावर एक पेपरवाला बडबडत असतो आणि एक पोरगा त्याच्याजवळ बसून फुकटात चाच्यांची चित्रकथा वाचत असतो. दोघांचं नावही एकच, बर्नार्ड. अकराव्या अंकाच्या शेवटी शहरावर संहार कोसळतो तेव्हा हे दोघं एकमेकांना बिलगतात, आणि बारावा अंक प्रेतांनी भरलेल्या पानभर चित्रांनी उघडतो. तोपर्यंत बहुतेक पानांवर शिस्तीने नऊ चौकटी मोजत आलेल्या वाचकाला ती शिस्त मोडल्याचा धक्का बसतो. मेलेली माणसं ओळखीची असतात, म्हणून त्या हत्याकांडामागचं ‘जगाच्या भल्याचं’ तत्त्वज्ञान गळी उतरत नाही. चित्रगृहात आलेल्या आवृत्तीत हा कोपरा जवळजवळ नाहीच, ते दोघं काही क्षणांपुरते दिसतात. पुढे निघालेल्या लांब आवृत्तीत हा भाग परत जोडला गेला. चित्रपटाने शेवटही बदलला. पुस्तकातला, शहरावर संहार घडवणारा राक्षसी जीव गेला आणि त्याजागी डॉक्टर मॅनहॅटनच्या माथी मारलेले स्फोट आले. चाहत्यांनी त्यावर पुष्कळ वाद घातला. मला तो बदल क्षुल्लक वाटतो. राक्षस गेल्याने पुस्तकाचं फार बिघडलं नाही. कोपऱ्यावरची माणसं गेल्याने बिघडलं.

‘व्ही फॉर व्हेंडेटा’ची गत याच्या उलट आहे. मूर आणि चित्रकार डेव्हिड लॉइड यांनी ही मालिका 1982 मध्ये ‘वॉरियर’ या ब्रिटिश मासिकात सुरू केली. मासिक बंद पडल्याने ती अर्धवट राहिली आणि 1988-89 मध्ये अमेरिकेत डीसीकडून पूर्ण झाली. अणुयुद्धातून कसाबसा वाचलेला इंग्लंड, सत्तेवर आलेला फॅसिस्ट पक्ष आणि त्याविरुद्ध एकटा उभा राहिलेला, गाय फॉक्सचा मुखवटा घातलेला एक माणूस. जेम्स मॅकटीग दिग्दर्शित आणि वाचोव्स्की भावंडांनी लिहिलेला चित्रपट 2006 मध्ये प्रदर्शित झाला. मूरने आपलं नाव श्रेयनामावलीतून काढायला लावलं. लॉइडने मात्र चित्रपटाची पाठराखण केली. एकाच पुस्तकाचे दोन निर्माते रूपांतराबद्दल इतके वेगळे बोलतात तेव्हा दोघांचंही नीट ऐकून घ्यायला हवं.

मूरची तक्रार समजण्यासारखी आहे. त्याच्या पुस्तकात फॅसिझमसमोर अराजकवाद उभा आहे, राज्यसंस्थाच नको म्हणणारी एक पुरी राजकीय भूमिका. सरकारची पाळत बंद पडल्यावर लोक दुकानं लुटतात तेव्हा पुस्तक थांबून सांगतं की ही लूटमार म्हणजे अराजकवाद नाही. अराजकवादात स्वेच्छेने पाळलेली व्यवस्था असते. चित्रपटात हा विचार नाही. अराजकाचं नाव येतं ते मुखवटा घालून दुकान लुटणाऱ्या एका भुरट्या चोराच्या तोंडी. तिथला संघर्ष हुकूमशाही विरुद्ध नागरी स्वातंत्र्य असा आहे. बुश-ब्लेअर काळातलं दहशतवादाचं भय, पाळत, कोठडीतला छळ हे सगळं त्यात आलं आहे, पण मूळ पुस्तकाचा पक्ष बदलला आहे.

त्याहून मला जास्त खटकतो तो हुकूमशहा. पुस्तकातला अ‍ॅडम सुसान हा एकाकी, प्रामाणिक माणूस आहे. फॅसिझमवर त्याची श्रद्धा आहे, लोकांना नाकारलेलं स्वातंत्र्य तो स्वतःलाही नाकारतो, आणि ‘फेट’ नावाच्या संगणकाच्या तो प्रेमात पडला आहे. तो वाचताना भीती वाटते, कारण तो आपल्या ओळखीतला कुणीही असू शकतो. चित्रपटात त्याचा सटलर झाला. जॉन हर्ट अवाढव्य पडद्यावरून डोळे वटारून ओरडत राहतो. खलनायक इतका उघड असला की प्रेक्षकाला स्वतःकडे बघायची गरज उरत नाही. शेवटही तसाच सोपा झाला. पुस्तकात त्या मुखवटाधारी माणसाने घडवलेली तरुणी इव्ही स्वतः मुखवटा चढवते, जबाबदारी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते आणि पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नसतं. चित्रपटात हजारो लोक मुखवटे घालून पार्लमेंटकडे चालत येतात, इमारत उडते आणि सगळे मुखवटे उतरवून आभाळाकडे पाहतात.

तरीही या चित्रपटाला गद्दार ठरवायला माझा हात धजावत नाही. व्हॅलेरीचं पत्र त्याने जवळपास शब्दन् शब्द जपलं आहे. समलिंगी असल्याबद्दल छळछावणीत मरणाऱ्या एका नटीने कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहिलेली ही आत्मकथा इव्हीला कोठडीच्या भिंतीतल्या बिळातून मिळते. व्यापारी चित्रपटाने अशा पत्रासाठी इतका वेळ देणं, ही पुस्तकाशी राखलेली खरी बांधिलकी होती. शिवाय मुखवट्यांची ती गर्दी पडद्यावर थांबली नाही. 2008 मध्ये अ‍ॅनॉनिमस या हॅकर गटाच्या निदर्शनांत आणि 2011 च्या ऑक्युपाय आंदोलनात तोच मुखवटा रस्त्यावर आला. पुस्तकातला एकटा माणूस लोकांना जो आधार देऊ शकला नव्हता तो चित्रपटातल्या गर्दीने दिला. त्या मुखवट्याचे हक्क टाइम वॉर्नरकडे असल्याने प्रत्येक अधिकृत मुखवट्यामागे त्या कंपनीला पैसे मिळत होते, हेही सांगायलाच हवं.

लेखकच दिग्दर्शक झाला तर प्रश्न सुटतो का? मार्जान सत्रापीची ‘पर्सेपोलिस’ 2000 ते 2003 या काळात फ्रान्समध्ये चार भागांत आली. इराणच्या क्रांतीत आणि इराकशी झालेल्या युद्धात वाढलेल्या मुलीची ही गोष्ट तिने व्हिन्सेंट पॅरोनो याच्या जोडीने 2007 मध्ये पडद्यावर आणली आणि कानच्या महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळवलं. जिवंत नटनट्या न घेता तिने हाताने काढलेलं चलच्चित्र निवडलं. खरं तेहरान आणि खरे चेहरे दिसले असते तर पाश्चात्त्य प्रेक्षकाने ‘ही दूरची माणसं’ म्हणून अंतर ठेवलं असतं, हा तिचा विचार होता. तो मला पूर्ण पटतो. वर्तमानातला ओर्ली विमानतळ रंगीत आणि आठवणीतला इराण काळापांढरा, ही रचना तिने चित्रपटासाठी नव्याने केली.

पण कागदाची एक ताकद तिलाही सोबत नेता येण्यासारखी नव्हती. पुस्तकात एक पान आहे. वरच्या मोठ्या चौकटीत सुरुंगांच्या स्फोटात उडणाऱ्या कोवळ्या पोरांच्या काळ्या आकृत्या, गळ्यात स्वर्गाच्या दाराची म्हणून दिलेली किल्ली. खाली गोष्टीतली मुलगी मार्जी मैत्रिणींसोबत पार्टीत नाचते आहे, अंगात आईने विणलेला, मुद्दाम भोकं ठेवलेला स्वेटर. दोन्हीकडची शरीरं हवेत, सारख्याच मुद्रेत. पान उघडल्यावर दोन्ही चित्रं एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात, आणि वर्गभेदावर एकही शब्द न लिहिता सगळं कळतं. चित्रपटात एक दृश्य गेल्याशिवाय दुसरं येत नाही. चित्रकादंबरीचं राजकारण पुष्कळदा अशा पानाच्या मांडणीत असतं, आणि संवाद कितीही काटेकोर उतरवले तरी ते हाती लागत नाही. कागद आणि पडदा यांच्यातल्या निष्ठेची चर्चा करताना ही अडचण फार कमी वेळा बोलली जाते.

‘पर्सेपोलिस’ची धग मात्र पडद्यावरही कमी झाली नाही. ट्युनिशियात 2011 मध्ये नेस्मा वाहिनीने हा चित्रपट दाखवला, त्यात देवाची आकृती दिसते म्हणून दंगे झाले आणि वाहिनीच्या प्रमुखाला न्यायालयाने 2,400 दिनारांचा दंड केला.

‘द डेथ ऑफ स्टालिन’ हे मोकळ्या रूपांतराचं मला सर्वांत भावलेलं उदाहरण. फाबियां न्यूरी आणि तिएरी रोबँ यांचं फ्रेंच पुस्तक गंभीर, काळोखं आहे. आर्मांदो इयानुचीने 2017 मध्ये त्याचं प्रहसन केलं. ख्रुश्चेव्ह ब्रुकलिनच्या हेलात बोलतो, मार्शल झुकोव्ह यॉर्कशरच्या. पण पहिलाच प्रसंग बघा. रेडिओवरची मैफल संपलेली असते, स्टालिनचा फोन येतो की ध्वनिमुद्रण हवं, आणि ते केलेलंच नसतं. घरी निघालेले श्रोते अडवून, रस्त्यावरून माणसं आणून सगळी मैफल पुन्हा वाजवली जाते. हे पुस्तकातच आहे. हसू आणि थरकाप एकत्र आणणारी ती भीती इयानुचीने ओळखली आणि चित्रपटभर पसरवली. जानेवारी 2018 मध्ये, प्रदर्शन तोंडावर आलं असताना, रशियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने परवाना काढून घेतला.

बाँग जून-हो याच्या ‘स्नोपिअर्सर’ने (2013) फ्रेंच पुस्तकातली बर्फातून धावणारी वर्गविभागलेली आगगाडी घेतली आणि माणसं सगळी नवी आणली. तेही योग्यच झालं. केइजी नाकाझावाच्या ‘बेअरफूट गेन’वरचा 1983 चा जपानी चलच्चित्रपट हिरोशिमाचा बाँब डोळे मिटावेसे वाटतील इतक्या धीटपणे दाखवतो. पण युद्धाला विरोध करणाऱ्या गेनच्या बापाचा स्वतःच्याच शेजाऱ्यांकडून आणि पोलिसांकडून होणारा छळ त्यात फार थोडा उरतो. स्वतः बाँबमधून वाचलेल्या नाकाझावाचा राग अमेरिकेइतकाच आपल्या देशाच्या लष्करशाहीवर होता. तो पातळ झाला, याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं आपल्याही दाराशी येऊन ठेपलं आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड शैलीत चितारलेलं, बाबासाहेबांच्या अनुभवांवरचं ‘भीमायन’ 2011 मध्ये आलं. साताऱ्याहून निघालेले छोटे भीमराव आणि त्यांच्याबरोबरची मुलं मसूर स्टेशनवर उतरतात आणि जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही, हा प्रसंग मराठी माणसाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ती मांडणी. व्याम दांपत्याने चौकटींची खोकी नाकारली आणि भिंतीवरच्या दिग्ण्याच्या नक्षीने पान मोकळं विभागलं. आगगाडी सापासारखी वळते. मायेने बोलणाऱ्याच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा असतो, विटाळ मानणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते.

उद्या यावर चित्रपट करायचा कुणी ठरवलं तर मसूर स्टेशन हुबेहूब उभं करणं सोपं आहे. पैसा आणि चांगला कलादिग्दर्शक असला की झालं. पण ती नांगी, तो पक्षी आणि खोक्यात बसायला नकार देणारं ते पान यांचं पडद्यावर काय होणार, याचं उत्तर दिग्दर्शकाकडे पटकथेच्या आधी असायला हवं. ते नसेल तर त्याने हक्क विकत घेऊ नयेत. व्याम दांपत्याच्या हयातीत असा प्रकल्प उभा राहिलाच, तर त्यांना सल्लागार म्हणून कोपऱ्यात न बसवता पहिल्या दिवसापासून चित्रभाषेचे सूत्रधार करावं, एवढी मागणी मराठी प्रेक्षकांनी आत्तापासूनच करायला हवी.