किरमिजी : एका शब्दाचे मूळ

यशया संदेष्ट्याने पहिल्या अध्यायाच्या अठराव्या वचनात पापाला किरमिजी रंगाची उपमा दिली आहे. तेथे नुसते 'लाल' म्हटले तरी भागेल, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. 'किरमिजी'चे मूळ अरबी 'किर्मिझ'. त्यामागे फारसी 'किर्म' म्हणजे किडा, आपल्या 'कृमी'चाच भाऊबंद. भूमध्य समुद्राकाठच्या ओक वृक्षांवरील मादी किडे वाळवून, कुटून हा रंग काढीत. रंग पक्का, सहजी धुतला जात नसे. उपमेचा जोर नेमका येथे आहे, आणि 'लाल' म्हणताच तो ओसरतो. (आम्हीही कित्येक वर्षे प्रवचनात या वचनाचा संबंध केवळ रक्ताशीच लावला, हे कबूल केले पाहिजे.)

मूळ हिब्रू 'तोला' हेही किड्याचेच नाव. बाविसाव्या स्तोत्रातील पीडित स्वतःला किडा म्हणवतो, तेथे याच शब्दाचे रूप आहे. आणि त्याच स्तोत्राचा आरंभ क्रुसावर प्रभूच्या मुखी आला. म्हणून काही प्रवचनकार झाडाला चिकटून मरणाऱ्या किड्यातच क्रुसाचे रूपक पाहतात. ते आम्हांला ओढूनताणून आणलेले वाटते. यशयासमोर रंगाऱ्याचे भांडे असावे. मराठीत मात्र 'किरमिजी' ठेवला, की तो किडाही शब्दात राहतो.