नावांची यादी भक्कम आहे, पण त्या रकान्याचं काय?

बोस्नियाच्या युद्धात किती माणसं मारली गेली? बरीच वर्षं याचं उत्तर ‘दोन लाखांहून जास्त’ असं दिलं जायचं. हा युद्धकाळातला अंदाज होता, पण लेखामागून लेखात तो जसाच्या तसा उतरत गेला. सारायेवोतल्या संशोधन व दस्तावेजीकरण केंद्राने मिर्साद टोकाचा यांच्या नेतृत्वाखाली वेगळा रस्ता धरला. अंदाज नको, एकेक नाव नोंदवू. त्यातून आलेल्या ‘बोस्नियाचा मृतांचा ग्रंथ’ या चार खंडांत ९५,९४० नावं आहेत. आकडा निम्म्याहून खाली आला म्हणून टोकाचांवर त्यांच्याच समाजातून टीका झाली. तरी ते हटले नाहीत. पद्धत म्हणून मला हे काम फार मोठं वाटतं, हे आधीच सांगते.

आता माझा आक्षेप. ग्रंथात प्रत्येक मृताला ‘सैनिक’ किंवा ‘नागरिक’ असा शिक्का आहे. एकूण मृतांत बोस्नियाक ६२,०१३, म्हणजे साधारण ६५ टक्के. फक्त नागरिक बघा: ३८,२३९ पैकी ३१,१०७ बोस्नियाक, म्हणजे ८१ टक्के. एका रकान्याने चित्र किती बदललं बघितलंत? म्हणूनच तो रकाना भरला कसा, हे विचारायलाच हवं.

‘सैनिक’ म्हणजे इथे सैन्याच्या यादीत नाव असलेला माणूस. तो मरताना लढत होता की नाही, हे त्यातून कळत नाही. जुलै १९९५मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यातल्या अनेकांची नावं सैन्याच्या यादीत होती. पण बहुतेकांना पकडून, निःशस्त्र असताना गोळ्या घातल्या. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याला वंशसंहार ठरवलं. यादीत मात्र ते खंदकात लढताना मेलेल्याच्या शेजारी बसतात. शिवाय युद्धानंतर कुटुंबाला पेन्शन मिळावी म्हणूनही काही मृतांची नोंद सैनिक अशी झाली. २००७मध्ये पॅट्रिक बॉल यांच्यासह तीन तज्ज्ञांनी हा डेटाबेस तपासला. त्यांनी कामाची वाखाणणी केली, पण हा रकाना जपून वापरा असंही बजावलं.

याने काय बिघडतं? ‘निम्मे बोस्नियाक मृत तर सैनिकच होते’ हे वाक्य ग्रंथातल्या आकड्यांनुसार बरोबर आहे, आणि संहार नाकारणाऱ्याला तेवढंच पुरतं. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या मसुद्यात मीही ‘सैनिक’च्या जागी बिनदिक्कत ‘लढताना मेलेले’ लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी शेजारी फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

माझ्या मते ग्रंथात दोन रकाने हवे होते: एक सैन्यातल्या नोंदीचा, दुसरा मृत्यूच्या परिस्थितीचा. दुसरा रकाना बऱ्याच नावांपुढे रिकामा राहिला असता हे मान्य. पण रिकामी जागा निदान वाचकाची दिशाभूल करत नाही.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना ही यादी जरूर घ्या. जुन्या दोन लाखांपेक्षा ती कितीतरी विश्वासार्ह आहे. फक्त ‘सैनिक’ लिहिताना ‘सैन्याच्या यादीत नोंद असलेले’ असं पूर्ण लिहा. चार शब्द वाढतील, वाढू देत.