व्हॅन गॉगचे कावळे

पिकलेल्या गव्हाचें शेत, वर काळसर निळें वादळी आभाळ, शेतांत शिरणाऱ्या तांबड्या वाटा आणि कावळ्यांचा थवा. डच चित्रकार व्हॅन गॉग याच्या या चित्राबरोबर रसिकांच्या हातीं बहुधा एक तयार कथाही पडते: हें त्याचें अखेरचें चित्र, कावळे म्हणजे मृत्यूचे दूत, आणि मधली वाट खुंटली तेथें त्याचें आयुष्य संपलें! १९५६ सालच्या 'लस्ट फॉर लाइफ' या बोलपटानें ती सर्वतोमुखी केली. प्रतीकांची अशी वासलात लावली म्हणजे चित्र पाहण्याचे श्रम वाचतात, हा तिचा मोठा गुण.

वस्तुस्थिति निराळी आहे. चित्र जुलै १८९० मधलें खरें. परंतु त्या महिन्याच्या २७ तारखेस स्वतःवर गोळी झाडून घेण्यापूर्वीं तो ज्यावर काम करीत होता, तें 'झाडांचीं मुळें' हें अपुरें चित्र होय, असें आज मानतात. कावळ्यांचें म्हणाल, तर आपल्याकडे एकच कावळा पाहुण्याची वर्दी देतो आणि पिंडासही शिवतो. प्रतीकाचा अर्थ पक्ष्याच्या रंगावरून ठरत नाहीं.

चित्रकारानें स्वतः काय म्हटलें आहे? जुलैच्या आरंभीं तो पॅरिसला आपला भाऊ थिओ याजकडे गेला होता. थिओचें मालकांशीं पटेनासें झालेलें, तान्हें मूल नुकतेंच आजारांतून उठलेलें, आणि आपण मात्र याच्याच पैशावर जगतों, ही व्हिन्सेंटच्या मनाला टोंचणी. ऑव्हेर गांवीं परतल्यावर त्यानें थिओ व त्याची पत्नी यांना पत्र लिहिलें. कुंचला हातांतून गळूं पाहत होता, तरी वादळी आभाळाखालचीं गव्हाचीं अफाट शेतें आपण रंगविलीं, असें त्यांत आहे. प्रस्तुत चित्र त्यांतलेंच एक, असें बहुतेक अभ्यासक धरतात. दुःख आणि पराकाष्ठेचा एकाकीपणा प्रकट करण्याचा आपला यत्न होता, असें तो म्हणतो. टीकाकार उतारा येथेंच तोडतात. पण पुढें लगेच तो सांगतो कीं, मोकळ्या रानांत आपणांस जें निकोप आणि बळ देणारें दिसतें, तेंही हीं चित्रें बोलून दाखवितील.

हा उत्तरार्ध गाळला कीं गव्हाचें पीकच डोळ्यांआड होतें. आदल्या वर्षीं सँ-रेमीच्या मनोरुग्णालयांत असतां त्यानें कापणी करणारा शेतकरी रंगविला होता. गहूं म्हणजे माणसें व कापणारा म्हणजे मृत्यु, हें रूपक त्यानें स्वतःच उलगडलें. मात्र हा मृत्यु भर उन्हांत, सोनेरी प्रकाशांत येतो, त्यांत विषाद नाहीं, अशी पुस्ती जोडून. कावळ्यांच्या चित्रांत कापणारा नाहीं. सुमारें अर्धा मीटर उंच व मीटरभर रुंद अशा त्या आडव्या पटावर पीक उभें आहे, वाऱ्यानें हेलावतें आहे, आणि गर्द निळ्या आकाशासमोर त्याचा पिवळा रंग अधिकच पेटतो. मधली वाट दिसेनाशी होते, हें खरें. पण नजर तिच्यापाशीं अडखळत नाहीं, ती पिकाबरोबर आडवी धांवते. कावळे येत आहेत कीं जात आहेत, हें कितीही पाहिलें तरी ठरत नाहीं. त्या दिवसांत त्याच्या मनाची जी ओढाताण चालली होती, ती आम्हांला या न ठरण्यांतच दिसते. निव्वळ निराशा दाखवावयाची असती, तर इतका गहूं रंगविण्याचें त्यास कांहींच कारण नव्हतें.